बियरचं वय २१ वरून २५ करावं का? १ मेच्या ग्रामसभेआधी तरुण पोरापोरींनी बोलावं

पांदीवरचा (माजलगाव तालुका, वय २२) · शनिवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. आमच्या गावात १ मेच्या ग्रामसभेत बचत गटाच्या बायका एक ठराव मांडणार आहेत. बियर विकत घ्यायचं वय सध्या २१ आहे, ते २५ करावं, म्हणजे पंचविशीच्या आत कुठलीच दारू पोरांच्या हाती पडू नये, अशी सरकारकडं मागणी करायची. सरपंचांनी आम्हा पोरांना निरोप धाडला, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहून आणा. मला हे मनापासून आवडलं. ज्यांच्या वयाबद्दल सगळं चाललेलं असतं त्यांना एरवी कोणी विचारत नाही.

पारावर बसलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की बहुतेकांना आहे तो कायदाच माहीत नव्हता. कोणी म्हणे १८, कोणी म्हणे मतदान कार्ड निघालं की झालं. महाराष्ट्रात बियर आणि वाईनला २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. वर परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाही तर आजन्म. देशातल्या कडक नियमांपैकी हा एक आहे. दिल्लीत २५ आहे. केरळनं २०१७ ला २१ चं २३ केलं, हरियाणानं २०२१ ला उलट २५ चं २१ केलं. आपल्या शेजारी तेलंगणात २१.

आता आमच्या फाट्यावरची बियर शॉपी सांगतो. पुढून लोखंडी जाळी आहे आणि जाळीला बाटली बाहेर येईल एवढंच भोक. संध्याकाळी सातनंतर आतल्या माणसाला बाहेरचा हात दिसतो आणि हातातली नोट दिसते. तोंडच दिसत नाही तिथं वय कुठून दिसणार? दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी तिथं कोण उभं होतं ते अख्ख्या गावानं पाहिलंय.

म्हणून माझं मत असं, की वय वाढवा म्हणण्याआधी आहे ते वय विचारायला लावा. पण ठरावाला सरळ विरोध करायलाही मन धजत नाही. त्या बायका कशातून बोलतायत ते घरोघर दिसतं. मराठवाड्यातल्या १८ ते २५ च्या पोरापोरींनी आपापल्या गावातलं, शहरातलं लिहा. उपदेश नको. काय दिसतं आणि काय करावं वाटतं, एवढं लिहा.

---

पहाटेचं_ग्राउंड (परभणी, वय १९) · शनिवार, रात्री ९:३२

माझा ठरावाला विरोध. १८ ला मत देता येतं. २१ ला लग्न करता येतं, सरपंच होता येतं. अग्निवीरला साडेसतरापासून घेतात. चार वर्षं सीमेवर काढून पोरगा गावी आला तरी कित्येकदा पंचविशीच्या आतच असतो. त्याला तुम्ही बियरसुद्धा नाकारणार?

मी पीत नाही. भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला ग्राउंडवर असतो, रात्री पिणारा पोरगा सोळाशे मीटरला कसा मागं पडतो ते रोज बघतो. पण मला नको म्हणून कायद्यानं दुसऱ्या जाणत्या माणसाला अडवावं, हे पटत नाही. जाणता धरायचा असेल तर सगळ्याच बाबतीत धरा.

---

गोदेकाठची (नांदेड, वय २०) · शनिवार, रात्री ९:५५

'तरुणांचं मत' म्हटलं की पोरांचंच मत घेतलं जातं, म्हणून आधी एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष दारू पितात असं आलं, बायकांमध्ये ०.४ टक्के. म्हणजे पिणारे जवळपास सगळे पुरुष. मग वय किती असावं हे पिणाऱ्यांनी ठरवायचं की त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनी?

आमच्या होस्टेलच्या गल्लीच्या तोंडाशी मोकळा प्लॉट आहे. अंधार पडला की तिथं दुचाक्या लागतात. सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं, काही आमच्याच कॉलेजची. अभ्यासिकेतून येताना आम्ही मुली तिथून एकटी जात नाही, दोघी-तिघी जमेपर्यंत खालीच थांबतो. अभ्यासिका साडेनऊला बंद होते आणि आम्ही साडेआठलाच उठतो. रोजचा एक तास त्या प्लॉटमुळं जातो. पहाटेचं ग्राउंड दादा, जाणत्या माणसाचा हक्क तुम्ही सांगितलात तो मला कळतो. माझा हा तास कोणत्या हक्कात बसतो ते सांगा.

मी वय वाढवण्याच्या बाजूनं आहे.

---

पहाटेचं_ग्राउंड · शनिवार, रात्री १०:०८

ताई, तो तास तुमचाच आहे आणि तो तुम्हाला मिळालाच पाहिजे. पण उघड्यावर बसून पिणं आजही गुन्हाच आहे, पिणारा २० चा असो की ४० चा. तिथं पोलिसांची गाडी रोज फिरली तर प्लॉट रिकामा होईल. वय वाढवून होईल का, ही माझी शंका आहे.

---

वकिलीच्या_वाटेवर (छत्रपती संभाजीनगर, विधी शाखा, वय २३) · शनिवार, रात्री १०:४०

काही गोष्टी नीट मांडतो म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

दारू हा राज्यांचा विषय आहे, म्हणून प्रत्येक राज्यात वय वेगळं. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सरकारनं दारूबंदीच्या दिशेनं जावं असं मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्याकडचा मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. त्याच्या नावातच बंदी आहे, आणि परवाना ही त्या बंदीतून दिलेली सवलत. त्यामुळं 'पिणं हा माझा हक्क' हा मुद्दा आपल्या कायद्यात फार टिकत नाही. २०११ ला राज्याचं व्यसनमुक्ती धोरण आलं तेव्हा २५ वर्षांच्या अटीविरुद्ध इम्रान खान हा अभिनेता मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. त्याचाही मुद्दा हाच होता, की मत देणारा आणि लग्न करणारा माणूस पेला उचलायला लहान कसा.

ग्रामसभेच्या ठरावानं वय बदलणार नाही, ती शासनाकडं मागणीच राहील. पण दोन कलमं पोरांना आणि बायकांना, दोघांनाही माहीत असावीत. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: १८ च्या आतल्या मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८: दारू विकायला, वाहायला, पोचवायला मुलाचा वापर केला तरी तेवढीच शिक्षा. वय २१ असो की २५, ही कलमं आजच लागू आहेत. आणि ढाब्यावर बिनपरवाना पाजली तर दारूबंदी कायद्याच्या ६८ खाली ढाबेवाला आणि ८४ खाली पिणारा, दोघंही अडकतात.

---

जाळीच्या_आतून (बीड जिल्हा, वय २४) · शनिवार, रात्री ११:२०

पांदीवरचा भाऊनं जाळीचं लिहिलं म्हणून लिहितोय. मी अशाच जाळीच्या आत काम करतो. गाव आणि दुकान सांगत नाही.

वय आम्ही विचारत नाही, हे खरं आहे. का विचारत नाही ते ऐका. विचारा असं मालकानं सांगितलेलं नाही. ज्याला परत पाठवलं तो पलीकडच्या दुकानात जातो आणि त्या दिवसाचा गल्ला कमी दिसला की रात्री मला ऐकून घ्यावं लागतं. एक दिवसाच्या परवान्याची बुकं दुकानात आणून ठेवलेली असतात. गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं आणि हिशोबाच्या वेळी त्यात नावं भरली जातात. ज्या कागदानं वय तपासायचं तो कागद गिऱ्हाईकाच्या हातात कधी जातच नाही. मला वाटतं अर्ध्या लोकांना परवाना नावाची वस्तू असते हेही ठाऊक नसेल.

लहान पोरं स्वतः येतात ती थोडी. जास्त करून कोणाला तरी पाठवतात. रिक्षावाला, मोठा भाऊ, कधी रस्त्यानं चाललेला अनोळखी माणूससुद्धा. वीस रुपये वर दिले की तो आणून देतो. हे वय २५ केल्यानं थांबत नाही. उलट आज एकवीस-बावीसची पोरं स्वतः घेतात, उद्या तीही माणूस धरतील. तो माणूस बियर आणणार की क्वार्टर, हे त्याच्या आणि पैशाच्या हाती. बियर महाग पडते आणि डोकं हलकं होत नाही म्हणून क्वार्टरवर गेलेली पोरं मी रोज बघतो.

मला विचाराल तर तीन गोष्टी करा. जाळी काढा नाही तर मोठी करा, तोंड दिसलं पाहिजे. आधार नाही तर मतदान कार्ड दाखवल्याशिवाय बाटली नाही, हे मालकाच्या सहीनं लिहून लावा, म्हणजे नोकराला आधार होतो. आणि दंड मालकाच्या परवान्यावर बसू द्या. आज काही झालं तर पहिला मी सापडतो, आणि माझ्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा उभा असतो.

---

पांदीवरचा · शनिवार, रात्री ११:३१

भाऊ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ही बाजू बाहेरून दिसतच नाही.

---

कोयत्याची_लेक (बीड जिल्हा, डोंगरपट्टा, वय २१) · रविवार, सकाळी ७:४५

रात्री सगळं वाचलं. सगळे वाईन शॉप आणि बियर शॉपीवर बोलतायत. आमच्याकडं पोरं दारूला लागतात ती तिथं नाही.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्यावर. मीही गेलेय, बारावीपर्यंत सुट्टीसुट्टीनं. कोपीत राहायचं, पहाटे तीन-चारला फडात. पोरगा पंधरा-सोळाचा झाला की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, त्याला पोरगा धरत नाही, अर्धा कोयता धरतो. लग्न झालं की पूर्ण कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं. रात्री गाडी भरायला उठवतात. पाठ धरते, हात वळत नाहीत. मग कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, घे घोटभर, अंग मोकळं होतं. पहिला घोट असा जातो. त्या पोराला मौजमजा करायची नव्हती, त्याला दुसऱ्या दिवशी उठायचं होतं. देशी नाही तर हातभट्टी, फडाच्या कडेला आणून देणारे असतात आणि पैसे उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, कटतात. तिथं परवानाही नाही आणि जाळीही नाही. वय तर कामालाच कोणी विचारत नाही, मग दारूला कोण विचारतो?

माझा धाकटा भाऊ असाच लागला. आता तो १९ चा आहे. त्याच्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

तरीही मी वय वाढवायच्या बाजूनं आहे. कायद्यानं फडातली दारू बंद होणार नाही, ते मला कळतं. पण घरात बाप पोराला म्हणतो 'आता मोठा झालास, घे', तेव्हा आईच्या हातात काहीच नसतं. सरकारनं २५ म्हटलं तर तिला निदान म्हणता येतं, सरकारच्या लेखी तो अजून लहान आहे. तिला एक शब्द तरी मिळतो. शहरातल्या माणसाला ही फार लहान गोष्ट वाटेल.

आणि एक, आठ-दहा वर्षांच्या पोरांना बापासाठी बाटली आणायला पाठवतात. हातात पैसे, खिशात चिठ्ठी. माझ्या वयाच्या अर्ध्या मुलामुलींनी हे केलेलं आहे. वकिलीच्या वाटेवर दादांनी ७८ कलम लिहिलं ते वाचून मी सकाळी आईला वाचून दाखवलं. तिला माहीतच नव्हतं. गावात कोणालाच माहीत नाही.

---

गोदेकाठची · रविवार, सकाळी ८:३०

ताई, तुम्ही लिहिलंत ते मी होस्टेलच्या ग्रुपवर टाकतेय, तुमची हरकत नसेल तर.

---

कोयत्याची_लेक · रविवार, सकाळी ८:४१

टाका. भावाचं तेवढं वगळा.

---

जुना_शिवार (जालना, वय ५८) · रविवार, सकाळी १०:०५

तुम्हा पोरांचं वाचून बरं वाटलं. मी या वयोगटात बसत नाही, तरी दोन ओळी. आमच्या वेळी देशीच्या दुकानात जाताना माणूस टॉवेलनं तोंड झाकायचा. ओळखीचं कोणी दिसलं तर पलीकडच्या रस्त्यानं जायचा. आता वरातीत डीजेसमोर बाटली उंच धरून नाचतात आणि नवरदेवाचा मामा पैसे देतो. कायद्यातलं वय वाढवा, माझी ना नाही. पण पोरांना पाजणारे माझ्याच वयाचे आहेत, हे ठरावात येऊ द्या.

---

भूमवाला (धाराशिव जिल्हा, वय २४) · रविवार, सकाळी १०:५०

काका, अगदी बरोबर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्याकडं काय होतं? ढाब्यावर खातं उघडलं जातं. कार्यकर्त्यानं चिठ्ठी दिली की जेवण आणि बाटली. चिठ्ठीवर वॉर्ड लिहितात, वय लिहीत नाहीत. नवमतदार, म्हणजे बरोबर १८-१९ ची पोरं, सगळ्यात आधी तिथंच नेतात. मी स्वतः पहिल्यांदा असंच एका ढाब्यावर बसलो. ज्यांनी बसवलं तेच पुढं व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला व्यासपीठावर होते. माझं म्हणणं, वय हवं ते ठेवा, पण निवडणुकीच्या महिनाभर तरी ढाब्यांवर ६८ आणि ८४ कलम खरोखर लावा.

---

शिंदीबनातला (देगलूर, वय २३) · रविवार, दुपारी १२:१५

सीमेवरून लिहितो. आमच्याकडं वय हा प्रश्न गाडीला किक मारली की संपतो. पलीकडं तेलंगणात २१ ला सगळंच चालतं, इकडं कडक दारूला २५. पोरं तिकडं लग्नाला जातात, बाजाराला जातात, आणि तिकडं तपासतात असंही काही नाही.

मी तीच पाहणी उघडून बघितली. तेलंगणात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर, आपलं १३.९. वयातल्या चार वर्षांच्या फरकानं एवढं अंतर पडत नाही. तिथं शिंदी-ताडी घरच्या जेवणात आणि सणावारात आहे, आमच्या सीमेवरच्या गावांतही आहे. आणि बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण दारूबंदी, तरी त्याच पाहणीत तिथं १५.५ टक्के, म्हणजे महाराष्ट्राहून जास्त. म्हणून मला वाटतं, कागदावरच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. गावात काय चालतं आणि कोण बोलतं, त्यावर जास्त आहे.

---

रात्रपाळी_कॅज्युअल्टी (इंटर्न डॉक्टर, वय २४) · रविवार, दुपारी ३:४०

शिंदीबनातला, तुमचा मुद्दा समजला, पण आकड्यानं काहीच होत नाही असं नाही. अमेरिकेत १९८४ ला केंद्रानं कायदा केला, की जे राज्य दारू विकत घ्यायचं वय २१ करणार नाही त्याचा महामार्गाचा निधी कापू. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. तिथल्या आरोग्य खात्याच्या आढाव्यानुसार ज्या राज्यांनी वय वाढवलं तिथं वाहन अपघात साधारण १६ टक्क्यांनी घटले. लिथुआनियानं २०१८ ला १८ चं २० केलं. म्हणजे वय वाढवणं हे खुळचट नाही, पण तिथं दुकानदार ओळखपत्र मागतो. आकडा आणि मागणं, दोन्ही लागतं.

मला कॅज्युअल्टीत जे दिसतं ते सांगते. रात्री अकरा ते दोन. दुचाकी, तिघं बसलेले, हेल्मेट नाही, डोक्याला मार. सोबत आलेल्या मित्राला विचारलं की घेतली होती का, तर आधी 'नाही मॅडम' म्हणतो. भूल देण्याआधी मला खरं कळायला हवं असतं, नाही तर रुग्णाच्या जिवावर येतं. मग तो हळूच सांगतो. वय विचारलं की १९, २०, २२. पाठोपाठ आई येते, घाईत पायात दोन वेगळ्या चपला घालून. माझ्या मनात त्या वेळी २१ की २५ हा वाद नसतो.

वैद्यकीय बाजू थोडक्यात. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब म्हणतो आणि परिणामांचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी पुढं व्यसन जडण्याची शक्यता जास्त. आणि दारूची कुठलीच मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ ला स्पष्ट सांगितलंय. बियरही त्यात आली. बियर म्हणजे थंड पेय, हा गैरसमज सोडा.

म्हणून मी २५ च्या बाजूनं, आणि ओळखपत्राच्या त्याहून जास्त बाजूनं. कोयत्याची लेक, भावासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाईन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, टेलिमानस. मराठीत बोलता येतं. पहिला फोन तू केलास तरी चालतो, त्यानंच करायला हवा असं नाही.

---

कोयत्याची_लेक · रविवार, दुपारी ४:०२

नंबर लिहून घेतला मॅडम.

---

क्लासची_बॅच (लातूर, वय १९) · रविवार, संध्याकाळी ५:२०

डॉक्टर ताईंच्या अपघाताच्या मुद्द्यावर. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. १७ वर्षांचा मुलगा, बारावीचा निकाल साजरा करायला पबमध्ये बसलेला, नंतर गाडी, आणि दोन तरुण अभियंते जिवानिशी गेले. पबवाल्यांवर अल्पवयीनाला दारू दिल्याचा गुन्हा दाखल झाला. तिथं कायद्यातलं वय ४० असतं तरी दारू मिळालीच असती.

आमच्याकडं लातूरला बाहेरगावची हजारो मुलं रूम करून राहतात. नीटचा पेपर झाला त्या रात्री गल्लीत किती रूमवर पार्टी असते ते मालकांना माहीत असतं. घरचे पैसे पाठवतात मेसला. कोणाचाही हेतू वाईट नसतो, वर्षभर कोंडलेली मुलं असतात. मला वाटतं वय वाढवण्यापेक्षा त्या रात्री मोकळं व्हायला दुसरं काहीतरी असावं. आमच्या भागात रात्री नऊनंतर पोराला बसायला एक मैदान उघडं नाही, वाचनालय नाही. बियर शॉपी तेवढी उघडी असते.

---

वैजापूरकर (वय २५) · रविवार, संध्याकाळी ६:१०

मुद्द्याला जरा वळण देतो, रागावू नका. मराठवाड्याला दारूच्या बाबतीत सरकारकडून सरळ उत्तराची फार आशा नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वेळी औरंगाबादच्या बियर कारखान्यांचं पाणी चालू होतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला सांगावं लागलं, की कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त तोडा. महसुलाची एवढी मोठी बाजू ज्यांच्याकडं आहे ते स्वतःहून गिऱ्हाईक कमी करणार नाहीत. गावाला जे करता येतं ते गावानं करावं.

---

वकिलीच्या_वाटेवर · रविवार, रात्री ८:३०

वैजापूरकर दादांशी सहमत, आणि गावाच्या हातात खरंच एक हत्यार आहे. आडवी बाटली.

गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी सही करून दुकान बंद करायची मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि प्रशासन गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली, तर दुकान बंद होतं. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूणांपैकी निम्म्या. इथंच बरीच गावं घसरतात.

---

कोयत्याची_लेक · रविवार, रात्री ८:५५

ही 'यादीतल्या एकूण' ची गोष्ट आमच्यासारख्या गावात कशी बसते ते सांगते. दिवाळीनंतर आमच्या गावात निम्म्या घरांना कुलूप असतं. बाया कारखान्यावर. यादीत नाव आहे आणि माणूस सांगली-कोल्हापूरला. तेव्हा मतदान लागलं तर गावात उरलेल्या सगळ्या बायांनी आडवीवर शिक्का मारला तरी निम्म्याच्या वर जाणार नाही. आणि ज्यांचे नवरे सगळ्यात जास्त पितात त्याच बाया बाहेर असतात.

म्हणून सह्या आत्ताच घ्या. आता सगळे परत आलेत. पावसाळ्यात पेरणी-खुरपणीला बाया गावातच असतात. मतदान काही झालं तरी दसऱ्याच्या आत लागलं पाहिजे. अर्जातच तसं लिहा, की गाव ऊसतोडीला जायच्या आधी तारीख द्या.

---

वकिलीच्या_वाटेवर · रविवार, रात्री ९:०३

हा मुद्दा मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. अर्जात हे कारण लिहा, मी मसुदा तपासून देतो. पैसे लागणार नाहीत.

---

जाळीच्या_आतून · रविवार, रात्री ९:२०

माझं काम जाईल, तरी म्हणतो, बरोबर आहे. फक्त एक. दुकान बंद झालं की आठ दिवसांत किराणा दुकानामागं, पानटपरीवर माल यायला लागतो, दुप्पट भावानं. तिथं तर वयाचं नावच नाही. दुकान आडवं केल्यावर पुढं लक्ष ठेवायला चार बाया आणि चार पोरं नेमा. पोरं असू द्याच. माल कुठून येतो ते पोरांनाच आधी कळतं.

---

पांदीवरचा · रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचून ग्रामसभेसाठी पोरांच्या वतीनं हे लिहिलंय. चुकत असेल तर सांगा.

"आम्ही गावातले १८ ते २५ वयाचे तरुण. बियरचं वय २५ करण्याच्या मागणीवर आमच्यात एकमत नाही. मुलींचा पाठिंबा आहे, काही मुलांचा विरोध आहे, दोन्ही नोंदवावं. पुढच्या गोष्टींवर मात्र एकमत आहे. फाट्यावरच्या दुकानानं ओळखपत्र बघितल्याशिवाय विकू नये, तसा फलक लावावा आणि कसूर झाल्यास कारवाई परवानाधारकावर व्हावी, असं राज्य उत्पादन शुल्क विभागाला ग्रामपंचायतीनं लेखी कळवावं. वरातीत, निवडणुकीत आणि ढाब्यावर पोरांना पाजणाऱ्या मोठ्या माणसांवर गुन्हा दाखल करावा. आडवी बाटलीसाठी महिलांच्या सह्या १ मेपासून घ्याव्यात आणि मतदान दसऱ्याआधी मागावं. सह्या गोळा करायला आम्ही घरोघर येऊ."

पहाटेचं ग्राउंड भाऊ, तुमचा विरोध ठेवलाय. कोयत्याची लेक ताई, तुमचं काही राहिलं का?

---

पहाटेचं_ग्राउंड · रविवार, रात्री १०:२२

चालेल. सह्यांना आमच्या गावातही लागतो.

---

कोयत्याची_लेक · रविवार, रात्री १०:४०

एक राहिलं. लहान पोरांना बाटली आणायला पाठवायचं नाही, आणि दुकानदारानं त्यांच्या हातात द्यायची नाही. ७८ कलम नंबरासकट लिहा, आणि ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचा. आणि मुकादमांनाही सभेला बोलवा. १ मेला ते गावातच असतात, पुढच्या हंगामाची उचल वाटायला.